चाळीस हजार डिस्चार्ज कार्डे आणि एक कमांड

आपला प्रश्न मला समजला तो असा. पुण्यातील एका रुग्णालयाच्या संगणकप्रणालीतून काढलेली, इंग्रजीत लिहिलेली सुमारे चाळीस हजार डिस्चार्ज कार्डे आपल्याकडे साध्या टेक्स्ट फायलींच्या रूपात आहेत, आणि त्यांतून कोणाला मधुमेह आहे, कोणाला उच्च रक्तदाब आहे व कोणती औषधे चालू आहेत हे आपल्याला प्रबंधासाठी काढायचे आहे. ॲपाची सीटेक्स हे वैद्यकीय मजकुरातून आजार, औषधे अशा संज्ञा शोधणारे सॉफ्टवेअर आपण वीस फायलींवर माउसने बटणे दाबून चालवून पाहिले तेव्हा सर्व ठीक वाटले. कमांड लाइनवरून, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञेने, सगळ्या फायली दिल्यावर मात्र काम मध्येच बंद पडते, आणि जेवढे निकाल हाती आले त्यांत जवळजवळ प्रत्येकाला मधुमेह दिसतो, तर जे रुग्ण जुने मधुमेही म्हणून आपल्याला ठाऊक आहेत त्यांतले काही सुटलेले आहेत. यावर नेमकी कोणती कमांड द्यावी, असे आपण विचारले आहे.

कमांड मी सांगतेच, कारण ती एका ओळीची आहे. परंतु आपल्या वर्णनात दोन वेगळे प्रश्न एकत्र झाले आहेत आणि ते आधी सुटे करायला हवेत. काम बंद पडणे हा एक प्रश्न, आणि निकाल चुकणे हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बहुधा एका दुपारी मिळेल. दुसऱ्याचे उत्तर आपल्या रुग्णालयात कार्डे कशी लिहिली जातात यावर अवलंबून आहे, आणि ती फायली उघडून वाचल्याखेरीज कोणालाही खात्रीने सांगता येणार नाही. वैद्यकीय मजकुरावर काम करताना माझा बहुतेक वेळ कमांड देण्याच्या आधी आणि ती संपल्यानंतर गेला आहे. प्रत्यक्ष कमांड चालू असताना मी सहसा घरी असते.

प्रथम ती एक ओळ. सीटेक्सच्या मुख्य फोल्डरात ‘बिन’ नावाचे उपफोल्डर आहे आणि त्यात ‘रन क्लिनिकल पाइपलाइन’ या नावाची स्क्रिप्ट आहे, लिनक्ससाठी वेगळी आणि विंडोजसाठी वेगळी. तिला तीन गोष्टी सांगायच्या असतात : वाचायच्या फायली कोणत्या फोल्डरात आहेत, एक्सएमआय या फाइल-स्वरूपातले निकाल कोणत्या फोल्डरात ठेवायचे, आणि आपली यूएमएलएसची एपीआय की, म्हणजे आपली ओळख पटवणारा सांकेतिक मजकूर. यूएमएलएस हा अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचा वैद्यकीय संज्ञांचा एकत्रित संग्रह. त्याची नोंदणी विनामूल्य आहे आणि सीटेक्सची नेहमीची डिक्शनरी त्यातूनच बनलेली आहे. पाइपलाइन, म्हणजे एकामागून एक चालणाऱ्या घटकांची साखळी, सुरू होताना ही की इंटरनेटवरून तपासली जाते. त्यामुळे रुग्णालयाच्या ज्या संगणकाला बाहेरचे जाळे बंद असते तिथे काम पहिल्याच मिनिटाला अडते, आणि माहिती-तंत्रज्ञान विभागाशी बोलताना हे स्पष्ट सांगावे लागते की बाहेर जाते ती केवळ की. कार्डांचा मजकूर आपल्याच संगणकावर राहतो.

याच्या पुढची पायरी म्हणजे स्वतःची पायपर फाइल. पायपर फाइल हा साधा मजकूर असतो. कोणता घटक कोणानंतर चालवायचा हे तीत ओळीने लिहिलेले असते : आधी वाक्ये आणि शब्द सुटे करणारा, मग शब्दजाती लावणारा, मग डिक्शनरीत शोधणारा, मग नकार व शंका ओळखणारा. बटणे दाबून केलेल्या कामाची खूण मागे राहत नाही, आणि सहा महिन्यांनी परीक्षकांनी ‘हे नेमके कसे काढले?’ असे विचारले की आठवणीवर भिस्त ठेवावी लागते. पायपर फाइल, डिक्शनरीची आवृत्ती, सीटेक्स ज्यावर चालते त्या जावाची आवृत्ती आणि दिलेली कमांड या चार गोष्टी एका फोल्डरात जपल्या, तर तोच निकाल पुन्हा काढून दाखवता येतो. कमांड लाइनचा मला वाटणारा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे. वेगाचा क्रमांक त्यानंतर लागतो.

आता काम बंद पडण्याविषयी. मेमरी वाढवण्याआधी एक गोष्ट पाहावी : दोनदा चालवल्यास काम दोन्ही वेळा त्याच फायलीवर थांबते का? दर वेळी वेगळ्या ठिकाणी थांबत असेल आणि लॉगमध्ये, म्हणजे कामाची नोंद ठेवणाऱ्या फायलीत, मेमरी संपल्याचा संदेश असेल, तर जावाला दिलेली कमाल मेमरी स्क्रिप्टमध्ये वाढवावी. मात्र यंत्रात आठ गिगाबाइट असतील तर आठही जावाला देऊ नयेत, कारण ऑपरेटिंग सिस्टिमलाही जागा लागते. दर वेळी एकाच फायलीवर थांबत असेल, तर दोष त्या फायलीत आहे आणि कितीही मेमरी दिली तरी तो जाणार नाही.

असा दोष मी सर्वाधिक वेळा पाहिला आहे तो अदृश्य अक्षरांचा. जुन्या रुग्णालयीन प्रणाली छपाईसाठी मजकुरात ‘नवे पान’ सांगणारे नियंत्रक अक्षर घालतात, ज्याचा संकेतांक १२ आहे. एडिटरमध्ये ते दिसत नाही किंवा एखाद्या चौकोनासारखे दिसते. एक्सएमआय हे एक्सएमएल या खुणांसह माहिती लिहिण्याच्या पद्धतीचेच रूप आहे, आणि एक्सएमएलच्या १.० आवृत्तीत टॅब, ओळबदल आणि कॅरेज रिटर्न सोडले तर ३२ च्या आतील एकही संकेतांक चालत नाही. म्हणून होते असे की त्या कार्डावरचे सगळे विश्लेषण पूर्ण होते आणि निकाल लिहिण्याच्या क्षणी त्रुटी (एक्सेप्शन) येऊन काम थांबते. उपाय सोपा आहे. पाइपलाइनच्या आधी ‘टीआर’ या लहानशा लिनक्स आज्ञेने अशा प्रत्येक अक्षराच्या जागी एक मोकळी जागा घालावी. अक्षर काढून टाकू नये, त्याच्या जागी दुसरे घालावे, कारण सीटेक्स प्रत्येक संज्ञा मजकुरात कितव्या अक्षरापासून कितव्या अक्षरापर्यंत आहे हे नोंदवते. एकाच्या जागी एक अक्षर गेले तर ते आकडे मूळ कार्डालाही लागू राहतात, आणि पुढे तपासणीच्या वेळी त्याचे मोल कळते. याच वेळी सर्व फायली यूटीएफ-८ या अक्षरसंकेत-पद्धतीत आहेत ना हेही पाहून घ्यावे. विंडोजवरून आलेल्या फायलींत अंशाचे चिन्ह आणि वळणदार अवतरणचिन्हे बिघडलेली आढळतात.

आणखी दोन सवयी लावून घ्याव्यात. एक म्हणजे, फाइलगणिक पाइपलाइन नव्याने सुरू करणारा लूप लिहू नये. डिक्शनरी आणि प्रारूपे मेमरीत आणण्याचा वेळ प्रत्येक सुरुवातीला लागतो, आणि चाळीस हजार वेळा तो लागला तर महिना तसाच संपेल. दुसरी म्हणजे, सगळी कार्डे एकाच फोल्डरात देऊ नयेत. मी पाचशे-पाचशेच्या फोल्डरांत वाटणी करते. एक फोल्डर पूर्ण झाले आणि निकालांची संख्या मूळ फायलींच्या संख्येशी जुळली की त्या फोल्डराच्या नावाची ओळ एका ‘झालेले’ यादीत जाते, आणि स्क्रिप्ट पुन्हा सुरू केल्यास त्या यादीतली फोल्डरे वगळते. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली आणि यूपीएसने साथ सोडली, तरी बुडते ते फार तर पाचशे कार्डांचे काम. दूरच्या सर्व्हरवर चालवत असाल तर ‘टीमक्स’ किंवा ‘नोहप’ वापरावे, म्हणजे आपला लॅपटॉप बंद झाल्यावरही काम चालू राहते. यंत्रात मेमरी मुबलक असेल तर दोन-तीन फोल्डरे एकाच वेळी वेगवेगळ्या प्रक्रियांना देता येतात, पण प्रत्येक प्रक्रिया डिक्शनरीची आपली प्रत मेमरीत घेते हे आधी मोजावे.

इथपर्यंतचा भाग यंत्राचा होता. प्रत्येकाला मधुमेह का दिसतो हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण काम बंद पडले तर ते निदान कळते. चुकीचा निकाल मात्र मुकाट्याने प्रबंधाच्या तक्त्यात जाऊन बसतो.

याची तीन कारणे मी वारंवार पाहिली आहेत. पहिले कारण छापील नमुन्याचे. अनेक रुग्णालयांच्या डिस्चार्ज कार्डात ‘पूर्वीचे आजार’ या शीर्षकाखाली मधुमेह, रक्तदाब, क्षयरोग, दमा अशी नावे आधीच छापलेली असतात आणि निवासी डॉक्टर त्यांपुढे ‘यस’, ‘नो’ किंवा ‘निल’ लिहितात. कधी काहीच लिहीत नाहीत. माणूस हा तक्ता म्हणून वाचतो. सीटेक्सला तो मजकूर म्हणून दिसतो, त्यात मधुमेहाचे नाव सापडते, आणि नावानंतर पुढे कुठेतरी आलेला ‘निल’ हा त्याचाच नकार आहे हे ओळखण्याची हमी नसते. ही प्रणाली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये २००६ मध्ये सुरू झाली आणि तिची प्रारूपे प्रामुख्याने तिथल्या वाक्यरूप नोंदींवर शिकवलेली आहेत. आपल्याकडच्या निवासी डॉक्टरांनी रात्री दोन वाजता भरलेला नमुना तिने पाहिलेला नाही. असा ठराविक तक्ता असेल तर तो भाग पाइपलाइनला देऊच नये. पंधरा-वीस ओळींच्या साध्या स्क्रिप्टने शीर्षक आणि उत्तर वेगळे वाचावे, आणि सीटेक्सला फक्त मुक्त मजकूर द्यावा. ‘डायबेटिक डाएट’सारखा आहाराचा सल्लाही याच जातीचा आहे; तो कोणत्या विभागात आला यावर त्याचा अर्थ ठरतो.

दुसरे कारण ओळबदलाचे. सीटेक्सचा जुना वाक्यविभाजक प्रत्येक ओळबदल हा वाक्याचा शेवट मानतो. आपली प्रणाली जर ठराविक रुंदीवर ओळ तोडत असेल, तर ‘नो हिस्टरी ऑफ’ एका ओळीच्या शेवटी आणि ‘डायबेटिस’ पुढच्या ओळीच्या सुरुवातीला येते. वाक्य तुटले की नकार मागे राहतो आणि पुढच्या ओळीत निर्विवाद मधुमेह नोंदला जातो. वीस फायलींच्या चाचणीत हे सुटून जाणे सहज शक्य आहे. यावर दोन उपाय आहेत : ओळबदलाला बांधील नसलेला नवा वाक्यविभाजक पायपर फाइलमध्ये घालणे, किंवा तुटलेल्या ओळी आधीच जोडणे. मी बहुधा दुसरा निवडते, कारण काय बदलले ते डोळ्यांनी पाहता येते. ओळ कमाल रुंदीच्या जवळ जाऊन तुटली असेल, तिच्या शेवटी पूर्णविराम किंवा अपूर्णविराम नसेल आणि पुढची ओळ लहान लिपीतील अक्षराने सुरू होत असेल, तर त्या ओळबदलाच्या जागी मोकळी जागा घालावी. औषधांच्या यादीला हा नियम लावू नये. तिथे प्रत्येक ओळ खरोखरच स्वतंत्र असते.

तिसरे कारण घरच्यांच्या आजाराचे. ‘आईला मधुमेह’ ही नोंद सीटेक्स टिपते, आणि तो आजार रुग्णाचा की कुटुंबातील व्यक्तीचा हे एका वेगळ्या रकान्यात लिहिते. नकाराचाही असाच रकाना आहे. नाकारलेल्या आजाराची तिथे उणे एक अशी नोंद होते. म्हणजे केवळ सापडलेल्या संज्ञांची मोजणी केली आणि हे रकाने पाहिले नाहीत, तर पाइपलाइनचे उत्तर बरोबर असूनही आपला तक्ता चुकतो. आपण एक्सएमआयमधून तक्ता कसा बनवला हे प्रश्नात लिहिलेले नाही, त्यामुळे मी आधी इथेच पाहीन. तक्त्यात कार्डाचा क्रमांक, संज्ञेचा संकेतांक, मजकुरातील जागा, नकार, शंका आणि ‘कोणाचा आजार’ हे सर्व स्तंभ हवेतच.

आता सुटलेल्या मधुमेहींविषयी. आपल्याकडचे डॉक्टर ‘डायबेटिस मेलिटस’ पूर्ण लिहीत नाहीत. ‘के/सी/ओ डीएम’, म्हणजे ‘नोन केस ऑफ डायबेटिस मेलिटस’, असे लिहितात. सीटेक्सच्या डिक्शनरी-शोधाची मूळ मांडणी तीनपेक्षा कमी अक्षरांचे शब्द शोधतच नाही. म्हणून तीन रोमन अक्षरांचा ‘एचटीएन’ (उच्च रक्तदाब) सापडतो आणि दोन अक्षरांचा ‘डीएम’ सुटतो. हे कळल्यावर ती मर्यादा दोनवर आणण्याचा मोह होतो, आणि मीही एकदा तसे केले होते. त्या तपासणीत, श्वसनाचा त्रास नसलेल्या आणि सांधे ठणठणीत असलेल्या रुग्णांना संधिवात निघाला, कारण प्राणवायूची पातळी लिहिताना डॉक्टर ‘ऑन आरए’ लिहितात. त्यांच्या मनात ‘रूम एअर’ असते आणि डिक्शनरीत ‘ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस’. ‘पीटी’ म्हणजे रुग्णही आणि रक्त गोठण्याची चाचणीही, ‘एमएस’ म्हणजे झडपेचा आजारही आणि मज्जासंस्थेचाही, ‘ओडी’ म्हणजे दिवसातून एकदा, पण नेत्ररोग विभागात उजवा डोळा.

म्हणून मर्यादा तीनच ठेवावी आणि संक्षेप मजकुरात उलगडावेत, तेही आपल्या रुग्णालयाच्या यादीप्रमाणे व संदर्भ पाहून : ‘के/सी/ओ’ किंवा ‘एच/ओ’ (हिस्टरी ऑफ) यांच्या पाठोपाठ आलेला ‘डीएम’ उलगडावा, इतरत्र आलेला तसाच सोडावा. ‘नो एच/ओ डीएम/एचटीएन/आयएचडी/बीए’ (मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, दमा) अशी तिरप्या रेघांची माळ असेल तर ती स्वल्पविरामांनी सुटी करून पाहावी आणि नकार शेवटच्या दम्यापर्यंत पोहोचतो का हे हाताने तपासावे. उलगडल्यावर अक्षरांचे क्रमांक बदलतात, म्हणून मूळ फाइल आणि उलगडलेली प्रत दोन्ही जपाव्यात. ही यादी वॉर्डात बसून करण्याची गोष्ट आहे. अनुभवी सिस्टर आणि निवासी डॉक्टर यांच्यासोबत घालवलेल्या एका तासात जी यादी मिळते ती कोणत्याही डिक्शनरीत नसते. त्याच वेळी रोमन लिपीत लिहिलेले ‘चक्कर’, ‘मळमळ’, ‘घाबरल्यासारखे’ असे रुग्णाचे शब्दही टिपून घ्यावेत. तक्रारींच्या रकान्यात ते पुष्कळ येतात आणि सीटेक्सला त्यांतला एकही कळत नाही.

औषधांचे वेगळे आहे. नेहमीच्या डिक्शनरीतला औषधांचा भाग आरएक्स-नॉर्ममधून येतो आणि तो अमेरिकेतील औषधांचा संग्रह आहे. मेटफॉर्मिन सापडेल, ग्लायकोमेट, टेल्मा, इकोस्प्रिन ही इथल्या कार्डांवरची नावे सापडतील असे धरून चालू नये. आपल्या औषधालयाच्या यादीतून व्यापारी नाव आणि मूळ औषध असा तक्ता बनवावा व उभ्या रेघेने विभागलेल्या पूरक डिक्शनरीच्या रूपात तो जोडावा. यासाठी दूर जावे लागत नाही : राष्ट्रीय ईएचआर (इलेक्ट्रॉनिक आरोग्यनोंदी) मानक संसाधन केंद्र पुण्यातच, सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेत आहे. भारत २०१४ पासून स्नोमेड सीटी या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संज्ञावलीचा सदस्य देश असल्याने तिचा वापर इथे विनाशुल्क करता येतो, आणि या केंद्राने स्नोमेडवर आधारित भारतीय औषधांची संकेतावलीही प्रसिद्ध केली आहे.

हे सर्व कोणत्या क्रमाने करावे, तर माझा क्रम असा असतो. चाळीस हजारांतून यदृच्छेने शंभर कार्डे निवडायची. पहिली शंभर घेऊ नयेत, कारण ती बहुधा एकाच महिन्याची आणि एकाच युनिटची निघतात. दोन डॉक्टरांनी ती एकमेकांचे न पाहता वाचून मधुमेह आहे, नाही किंवा सांगता येत नाही असे नोंदवायचे. त्यांचे जिथे पटत नाही तिथे चर्चा करून नियम लिहून काढायचा, कारण स्टेरॉइडमुळे वाढलेली साखर मधुमेहात धरायची का हे ठरवणे यंत्राचे काम नाही. मग पाइपलाइन या शंभरांवर चालवून यंत्राने दाखवलेल्यांपैकी खरे किती आणि खऱ्यांपैकी यंत्राला सापडले किती, हे दोन आकडे काढायचे. प्रत्येक चूक उघडून कारण लिहायचे, दुरुस्ती करायची, आणि अखेरचे आकडे मात्र न पाहिलेल्या दुसऱ्या शंभर कार्डांवर काढायचे; ज्या कार्डांवर दुरुस्त्या केल्या त्यांच्यावरचे आकडे नेहमीच अधिक चांगले येतात आणि ते प्रबंधात देणे योग्य नाही. संपूर्ण संग्रहावरची कमांड यानंतर द्यावी.

गोपनीयतेबद्दल आपण विचारलेले नाही, तरी सांगते. संस्थात्मक आचारनीती समितीची मंजुरी आपल्याकडे असेलच. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ती लागतेच. पण कमांड लाइनवर काही फटी असतात ज्यांकडे मंजुरीच्या अर्जात कोणाचे लक्ष जात नाही. फायलींची नावे रुग्णाच्या नोंदणी क्रमांकाने असतील तर तो क्रमांक लॉगमध्ये, ‘झालेले’ यादीत आणि निकालांच्या नावांत सर्वत्र पसरतो. म्हणून आधी फायलींना स्वतःचे क्रमांक द्यावेत आणि जोडणीचा तक्ता वेगळ्या, कुलूपबंद जागी ठेवावा. एक्सएमआय फायलीत कार्डाचा संपूर्ण मजकूर असतो, त्यामुळे मूळ फायलींइतकीच काळजी निकालांचीही घ्यावी, आणि त्या मूळ फायलींहून कितीतरी मोठ्या होतात म्हणून डिस्कवर तेवढी जागाही धरावी. एपीआय की कमांडमध्ये थेट टाइप केली तर ती टर्मिनलच्या इतिहासात राहते आणि त्याच सर्व्हरवर काम करणाऱ्या इतरांना चालू प्रक्रियांच्या यादीतही दिसू शकते. ती केवळ आपल्यालाच वाचता येईल अशा फायलीत ठेवून स्क्रिप्टने तिथून घ्यावी.

आपण सुरुवात त्या एका फायलीपासून करावी जिच्यावर काम थांबले. ती उघडण्याआधी लॉगच्या शेवटच्या चाळीस ओळी, त्यांतला रुग्णाविषयीचा मजकूर काढून, मला पाठवल्यास दोष अक्षराचा आहे की मेमरीचा हे सांगता येईल.